अमूर्त चित्रकार, त्यांचे टीकाकार आणि त्यांची गिऱ्हाइके

कामगारांच्या संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने चित्रकलेच्या इतिहासावर काय बोलावे, अशी शंका नांदूरघाटच्या श्रोत्यांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. रंगांतले आम्हांस फारसे कळत नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयांच्या बाकांवर आणि एस. टी.च्या प्रवासात झाले. परंतु जेथे काम करणारा एक, काम सांगणारा दुसरा, मोबदल्यावर वाद, आणि बाजूला उभा राहून 'यात काय विशेष' म्हणणारा तिसरा, अशी तिघांची गाठ पडते, तेथले थोडेबहुत आम्हांस कळते, कारण तीस वर्षे आम्ही तेच पाहत आलो आहोत. अमूर्त चित्रकलेच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात ही तीन माणसे पानोपानी भेटतात. म्हणून या इतिहासाकडे आम्ही आमच्या बाजूने पाहणार आहोत. टीका आणि अवघड गिऱ्हाईक यांच्यापुढे हे चित्रकार कसे उभे राहिले, कशाच्या बळावर उभे राहिले, आणि ते बळ ज्यांच्यापाशी नसते त्यांचे काय होते, एवढाच आमचा विषय आहे.

अमूर्त चित्र म्हणजे काय, हे प्रथम सांगावे लागेल. ज्या चित्रात माणूस, झाड, बैल, घर असे ओळखू येणारे काही नसते, केवळ रंग, आकार, रेषा आणि त्यांचा परस्परांशी असलेला संबंध असतो, त्याला अमूर्त म्हणतात. हे काही परदेशातून आलेले अद्भुत नव्हे. आपल्या घरातली गोधडी पाहा. जुन्या लुगड्याचा निळा तुकडा, धोतराचा पांढरा, परकराचा लाल. आजीने ते एकाशेजारी एक असे लावलेले असतात की नजर ठरते. दारातली ठिपक्यांची रांगोळी पाहा. शेंदूर लावलेला तांदळा पाहा. त्याला नाक नाही, हात नाहीत, तरी त्याच्यापुढे आपण हात जोडतो. 'आजी, या गोधडीचा अर्थ काय?' असे आजवर कोणा नातवाने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग हाच प्रश्न कॅनव्हासासमोर उभे राहिल्यावर तोंडात का येतो? आमच्या मते त्याचे कारण रंगांत नाही, शेजारी लावलेल्या किमतीच्या चिठ्ठीत आहे. गोधडी विकायची नसते, अंगावर घ्यायची असते; म्हणून तिला कोणी जाब विचारत नाही. वस्तू बाजारात आली की घेणारा म्हणतो, पैसे कशाचे? ओळखीच्या माणसाचे चित्र असेल तर चेहरा जुळतो की नाही हे तरी ताडून पाहता येते. अमूर्त चित्रात ताडून पाहायला काहीच नाही. त्यामुळे टीका आणि किंमत हे दोन प्रश्न येथे एकमेकांत गुंतून जातात, आणि चित्रकाराला दोहोंना एकदम तोंड द्यावे लागते.

हा गुंता पहिल्यांदा उघड्यावर आला तो लंडनमध्ये. जेम्स व्हिसलर नावाचा अमेरिकन चित्रकार तेथे राहत असे. तो पुरता अमूर्त चित्रकार नव्हता. पण चित्र म्हणजे आधी रंगांची जुळणी, मग गोष्ट, असे तो मानी, आणि म्हणून पुढच्या अमूर्तवाल्यांचा तो पूर्वज ठरला. १८७६ साली लेलँड नावाच्या एका जहाजमालकाने आपल्या लंडनच्या घरातल्या जेवणाच्या दालनात थोडी रंगाची डागडुजी करण्यास त्याला सांगितले. मालक लिव्हरपूलला निघून गेला आणि चित्रकाराला काम करता करता सुचत गेले. भिंतींवर मोलाचे जुने कातडे लावलेले होते. व्हिसलरने त्यावरही निळा रंग चढवला, आणि सोनेरी मोर काढून सारे दालन भरून टाकले. मग त्याने दोन हजार गिनी मागितल्या. मालक म्हणाला, एवढे काम मी सांगितलेच नव्हते. शेवटी त्याने निम्मे देऊ केले, तेही गिनीत नव्हे, पौंडात. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग आणि पौंड म्हणजे वीस. त्या काळी सभ्य व्यावसायिकांचे मानधन गिनीत दिले जाई आणि कारागिराची मजुरी पौंडात. हजार पौंड देऊन लेलँडने पन्नास पौंड वाचवले, आणि वर 'तू कारागीर आहेस' हेही सुनावले. व्हिसलरने त्याच दालनाच्या भिंतीवर भांडणारे दोन मोर काढले आणि एकाच्या पायाशी नाणी विखुरलेली दाखवली. ते दालन आज अमेरिकेत वॉशिंग्टन येथील संग्रहालयात जसेच्या तसे ठेवलेले आहे.

या प्रकरणात कोणाची बाजू खरी, असे आम्हांस विचाराल तर आम्ही म्हणू, दोघांचीही नाही. काम वाढले तेव्हा दोघांनी समोरासमोर बसून बोलायला हवे होते. न सांगितलेले काम करून मग मोबदला मागायचा, ही चूक आमच्याकडचा गवंडीही करत नाही. 'मालक, ओटा वाढतोय, त्याचे वेगळे लागतील,' असे तो वीट लावण्याआधी सांगतो.

दुसरे प्रकरण लगेच पुढचे. १८७७ साली जॉन रस्किन या तेव्हाच्या सर्वांत वजनदार टीकाकाराने व्हिसलरच्या एका चित्रावर लिहिले. रात्रीच्या अंधारात उडणाऱ्या दारूकामाचे ते चित्र होते आणि त्याची किंमत दोनशे गिनी होती. लोकांवर रंग उडवायचा आणि वर एवढे पैसे मागायचे हा उद्धटपणा आहे, अशा अर्थाचे रस्किनचे लिहिणे होते. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ च्या नोव्हेंबरात तो चालला. उलटतपासणीत वकिलाने विचारले, हे चित्र करायला किती वेळ लागला? सारे मिळून दोन दिवस, असे उत्तर आले. मग दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी काय, असा पुढचा प्रश्न. त्यावर व्हिसलरने सांगितले की ही किंमत दोन दिवसांची नाही, आयुष्यभर मिळवलेल्या ज्ञानाची आहे.

हे उत्तर चित्रकलेच्या पुस्तकांत विनोद म्हणून सांगतात. आम्हांस ते मजुरीच्या इतिहासातले एक मोठे वाक्य वाटते. हाताच्या कामाची किंमत तासांवर करायची की त्या हातात मुरलेल्या कसबावर, हा वाद आम्ही प्रत्येक वाटाघाटीत घातला आहे. ऊस तोडणाऱ्या बाईचा कोयता बुडाशी एका घावात जातो आणि वाढे दुसऱ्या घावात उडते; ती सफाई यायला तिचे बालपण खर्ची पडलेले असते. परंतु काट्यावर मोजले जाते ते टन.

दावा व्हिसलर जिंकला. ज्यूरीने भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे त्या देशातले सर्वांत लहान नाणे. खर्च मात्र ज्याचा त्याने सोसायचा होता. १८७९ साली व्हिसलरचे दिवाळे वाजले, आणि घेणेकऱ्यांत तो मोरांच्या दालनाचा मालक लेलँडही होता. चित्राच्या अर्थावरची टीका कोर्टात नेऊन तिचे उत्तर मिळत नाही, हा धडा त्या फार्दिंगने दिला.

कोर्टात जाण्याजोगे भांडणही असते, पण त्यात जोडीला कायद्याचा मुद्दा असावा लागतो. १९२६ साली ब्रांकुसी या रुमानियन शिल्पकाराचे 'अवकाशातील पक्षी' हे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. उंच, निमुळते, लखलखीत. पंख नाहीत, चोच नाही. कलाकृतीवर जकात नव्हती. परंतु जकात अधिकाऱ्यांना ती कलाकृती वाटली नाही. त्यांनी तिला स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्यातले साहित्य या वर्गात बसवून चाळीस टक्के जकात लावली. ब्रांकुसीने दाद मागितली. नामांकित शिल्पकार आणि जाणकार साक्षीला उभे राहिले. १९२८ च्या नोव्हेंबरात निकाल लागला: निसर्गाची नक्कल न करता कल्पनेला रूप देणारा एक नवा पंथ निर्माण झाला आहे, तो आवडो न आवडो, त्याचे अस्तित्व मान्य केले पाहिजे. येथे 'हे सुंदर आहे का' हा प्रश्नच नव्हता. 'हे काय आहे आणि याच्यावर कर बसतो का' हा प्रश्न होता. म्हणून निकाल लागू शकला.

याच्या उलट टोक जर्मनीने दाखवले. १९३७ साली नाझी सरकारने म्युनिक येथे 'अधःपतित कला' या नावाचे प्रदर्शन भरवले. अमूर्त आणि आधुनिक चित्रे जप्त करून, वेडीवाकडी टांगून, बाजूला निंदेची वाक्ये लिहून ती लोकांना हसण्यासाठी दाखवली. टीकाकार, गिऱ्हाईक आणि पोलीस ही तिन्ही सोंगे एकाच सत्तेने घेतली की चित्रकाराला बोलण्याची जागाच उरत नाही. त्याला देश सोडावा लागतो, किंवा गप्प बसावे लागते.

या वावटळीतून बाहेर पडलेले काही लोक मुंबईस आले, आणि येथून आपल्या महाराष्ट्राचा संबंध सुरू होतो. व्हिएन्नाकडचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलाविभाग सांभाळू लागले. रुडॉल्फ फॉन लायडन त्याच पत्रात कलेवर लिहू लागले. इमॅन्युएल श्लेसिंजर औषधांचा कारखाना चालवू लागले आणि तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेऊ लागले. म्हणजे शिक्षक, टीकाकार आणि गिऱ्हाईक, तिघेही निर्वासित. आपल्या मायदेशात चित्रांची काय विटंबना झाली हे त्यांनी जाणले होते. न समजलेल्या चित्रावर हसणे किती स्वस्त आणि किती घातक असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

१९४७ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाक्रे हे सहा जण त्याचे संस्थापक. यांची पोटापाण्याची साधने पाहण्यासारखी आहेत. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवत. आरा बोलारमचे, म्हणजे १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा ज्या निजामी राज्यात होता त्याच राज्यातले. लहानपणीच ते मुंबईला आले, लोकांच्या घरी नोकर म्हणून राहिले, मोटारी धुतल्या आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. अमरावतीकडचे गाडे विज्ञानाचे पदवीधर आणि पेशाने शिक्षक. भारतातल्या अगदी पहिल्या अमूर्त चित्रकारांत त्यांची गणना होते.

हा गट म्हणजे एक छोटी युनियनच होती, असे आम्ही म्हटले तर कलेचे पंडित नाक मुरडतील. पण एकेकट्याला जे बोलता येत नाही ते सहा जणांनी मिळून बोलता येते, हे तत्त्व दोन्हीकडे तेच. प्रदर्शनाचा खर्च वाटून घेता येतो. एकावर टीका आली तर दुसरा त्याच्या शेजारी उभा असतो. आणि मुख्य म्हणजे, आपले काम वाईट झाले असेल तर ते आपल्याच माणसाकडून आधी ऐकायला मिळते. गट फार टिकला नाही. १९४९ साली सूझा लंडनला गेले, १९५० साली रझा पॅरिसला गेले. पण तोवर पाया घातला गेला होता. १९५२ साली काळा घोडा येथे जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. केकू गांधी यांनी तर चित्रांच्या चौकटी करण्याच्या धंद्यातून या मंडळींची चित्रे लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली होती. १९६३ साली त्यांनी स्वतःची गॅलरी काढली. १९५४ साली अकबर पदमसी यांच्या दोन चित्रांवर अश्लीलतेचा आरोप आला. ती चित्रे अमूर्त नव्हती. परंतु पोलिसांनी काढायला सांगितल्यावर त्यांनी ती काढली नाहीत, खटला लढवला आणि ते निर्दोष सुटले, हे त्या काळच्या वातावरणासाठी ध्यानात ठेवावे.

या गटात १९५० च्या सुमारास एक तरुण आला आणि पुढे मराठी मुलखातला सर्वांत मोठा अमूर्त चित्रकार ठरला. वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर, घराणे गोव्याचे, वाढले गिरगावच्या चाळीत, १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. प्रथम ते माणसे काढत. हळूहळू माणसे गेली, रेषा गेल्या, आणि रंगाचे थरांवर थर उरले. रोलरने आणि सुरीने रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना पसंत नव्हता. खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज, रमण महर्षी आणि झेन पंथ यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता.

टीकेला आणि गिऱ्हाइकाला गायतोंड्यांनी काय उत्तर दिले? त्यांनी बहुतेक चित्रांना नावच दिले नाही. नाव म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती दिलेली काठी असते. 'सायंकाळ' म्हटले की तो सूर्य शोधतो आणि सापडला नाही की भांडतो. वर्षाकाठी मोजकीच चित्रे केली, त्यामुळे घाईचे गिऱ्हाईक आपोआप गळाले. भाषणे केली नाहीत, वाद घातले नाहीत. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले, १९६४ साली रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री मिळाली. तरी चित्रांची संख्या वाढली नाही.

लोक याला स्वभाव म्हणतात. विक्षिप्त, एकलकोंडा, अबोल अशी विशेषणे लावतात. स्वभाव असेलही. परंतु स्वभावाला आधार लागतो. मुंबईत असताना भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, नट आणि वादक यांना नाममात्र भाड्यात काम करायला जागा मिळे. गायतोंडे त्यांपैकी एक होते. लग्न केले नाही. १९७२ साली दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या लहानशा बिऱ्हाडात राहिले. गरजा इतक्या कमी ठेवल्या की कोणा गिऱ्हाइकाला 'हो' म्हणण्याची सक्ती उरली नाही. हा एक मार्ग आहे, पण तो महाग आहे. संसार मांडलेल्या माणसाला तो झेपेलच असे नाही.

दुसरा मार्ग पाहा. १९५० नंतरच्या दशकात सरकारने हातमागवाल्यांसाठी विणकर सेवा केंद्रे काढली आणि नव्या नक्षीसाठी तेथे चित्रकार नेमले. अकोल्यात १९२२ साली जन्मलेले अंबादास खोब्रागडे, जे आडनाव मागे ठेवून नुसते 'अंबादास' म्हणून ओळखले गेले, त्यांनी या केंद्रात नोकरी केली. पुढे 'ग्रुप १८९०'चे ते एक संस्थापक झाले. त्या गटाचे १९६३ सालचे दिल्लीतले प्रदर्शन पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले. १९७२ साली अंबादास नॉर्वेला गेले आणि २०१२ साली तिथेच वारले. अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे यांनीही याच केंद्रांत अनेक वर्षे नोकरी केली, प्रथम वाराणसीला आणि मग मुंबईला. दिवसा विणकरांसाठी नक्षी, आणि उरलेल्या वेळात स्वतःचे चित्र. नक्षी गिऱ्हाइकाला पसंत पडावी म्हणून बदलायची; तेथे मान लहान होत नाही, कारण ते कामच तसे आहे. चित्र मात्र कोणासाठी बदलायचे नाही. पगार पहिल्या कामाने दिला, म्हणून दुसरे काम मोकळे राहिले. बरवे यांनी १९९० साली 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक लिहिले. अमूर्ताविषयी मराठीत बोलता येत नाही ही तक्रार त्या पुस्तकाने खोटी ठरवली. टीकेला उत्तर देण्याचा हाही एक प्रकार आहे. भांडायचे नाही, आपण पाहतो कसे, विचार करतो कसा, ते वाचकाच्या भाषेत नीट लिहून ठेवायचे.

आता शेवटचे परदेशी उदाहरण, कारण आपल्या जिल्ह्याशी त्याचा आम्हांस सर्वांत जवळचा संबंध दिसतो. मार्क रॉथको हा न्यूयॉर्कचा चित्रकार. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेत चित्रकारांनी युनियन काढली होती आणि सरकारने चित्रकारांना आठवड्याच्या पगारावर काम दिले होते. त्या पगारावर रॉथकोही काही वर्षे जगला. १९४३ साली एका वर्तमानपत्राच्या टीकाकाराने त्याची आणि त्याच्या मित्राची चित्रे पाहून आपण गोंधळून गेलो असे लिहिले. दोघांनी मिळून त्याला पत्र पाठवले. चित्रांचा अर्थ त्यांनी सांगितला नाही. आपण कोणत्या तत्त्वांवर काम करतो तेवढे मुद्देसूद कळवले, आणि टीकाकारानेही ते पत्र छापले. दोन्ही बाजू शोभल्या.

१९५८ साली न्यूयॉर्कच्या सीग्राम इमारतीतल्या एका अतिश्रीमंत हॉटेलच्या भोजनगृहासाठी चित्रे करण्याचे काम रॉथकोला मिळाले. मोबदला पस्तीस हजार डॉलर. त्यातले सात हजार आगाऊ हाती आले. त्याने चित्रे केलीही. मग १९५९ साली तो त्या भोजनगृहात जेवायला गेला. तेथले ताटांचे भाव आणि खाणारांची तऱ्हा पाहून, आपली चित्रे येथे टांगायची नाहीत असे त्याने ठरवले, आणि घेतलेले पैसे परत केले. त्यांतली नऊ चित्रे पुढे लंडनच्या टेट संग्रहालयाला मिळाली.

श्रोतेहो, या गोष्टीतला 'पैसे परत केले' हा भाग आम्ही पुन्हा पुन्हा वाचला आहे. आगाऊ पैसे म्हणजे आपल्या भाषेत उचल. आपल्या तालुक्यातून दर दिवाळीनंतर कोयत्यांच्या जोड्या निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती घेतली त्या आठवड्यातच दवाखान्यात, लग्नात, जुन्या देण्यात गेलेली असते. हंगामात मालक कितीही वाईट निघो, बाई आजारी पडो, काटा खोटा असो, 'ही तुमची उचल, हे मी चाललो' असे म्हणता येत नाही. पट्टा पडतो, माणसे गावी येतात, आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामाला त्यांच्या आधी जाऊन उभी असते. रॉथको धीट होता यात संशय नाही. पण धीट माणसे आमच्याकडेही आहेत. फरक एवढाच की त्याच्यापाशी ते सात हजार परत द्यायला होते.

आणि म्हणून या साऱ्या इतिहासातून आम्ही जे शिकलो ते असे. चित्रकार टीकेने डळमळत नाही, गिऱ्हाइकाला नम्रपणे नकार देतो, ही केवळ मनाच्या कणखरपणाची गोष्ट नव्हे. त्या मागे कोठेतरी स्वस्त भाड्याची खोली असते, महिन्याचा पगार असतो, सोबत उभे राहणारे चार जण असतात, किंवा अत्यंत थोड्यात भागवण्याची सवय असते. ज्याची भाकरी त्या एका चित्रावर टांगलेली आहे त्याला 'टीकेची पर्वा करू नका' असा उपदेश करणे सोपे आहे; त्याच्या भाकरीची सोय करणे कठीण आहे.

एवढे झाल्यावर मग व्यवहाराची शहाणीव कामास येते. टीकेचे तीन प्रकार करावेत. पहिली, वस्तुस्थितीची. १९६१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात मातीस या थोर चित्रकाराची कागदी नाव सत्तेचाळीस दिवस उलटी टांगलेली होती. लाखाहून अधिक लोक पाहून गेले. शेवटी एका प्रेक्षक बाईंच्या ते लक्षात आले, आणि संग्रहालयाने ती सुलटी केली. अशी टीका आली की आभार मानावेत आणि खिळा बदलावा. दुसरी, किमतीची. तिला व्हिसलरसारखे सरळ उत्तर द्यावे. लाजू नये आणि चिडू नये. तिसरी, आवडीनिवडीची. तिला उत्तर नसते. गायतोंड्यांचे मौन किंवा बरव्यांचे पुस्तक, यांपैकी जे झेपेल ते करावे. गिऱ्हाइकाच्या बाबतीत, अमूर्त चित्रात चेहरा जुळवून पाहता येत नाही, म्हणून जे जुळवून पाहता येते ते आधी कागदावर घ्यावे: आकार, तारीख, किंमत, इसार किती, काम वाढले तर काय, आणि काम मोडले तर इसाराचे काय. चित्राच्या आतले मात्र काहीही कागदावर येऊ देऊ नये.

एक गोष्ट मात्र एकट्याच्या शहाणपणाने सुटत नाही. गायतोंडे २००१ साली गेले. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका लिलावात त्यांचे १९७९ सालचे चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन मांडले. चित्र एकदा विकले की पुढची सारी वाढ घेणाऱ्याची. आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३ अ हे कलम आले आहे. मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याचा हक्क त्यात आहे. कायद्यात लिहिलेला हक्क आणि हातात पडलेला पैसा यांच्यामध्ये किती अंतर असते, हे किमान वेतनाच्या कायद्यावरून आम्हांस ठाऊक आहे. ते अंतर एकेकटा चित्रकार चालून जाऊ शकत नाही. तेथे संघटनाच लागते.

आपल्या जिल्ह्यातली मुले-मुली आता संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात जातात. सुटीत गावी येतात तेव्हा घरचे विचारतात, हे काय काढलेस? त्यांना तो प्रश्न जरूर विचारावा. प्रश्न विचारणे हा अपमान नव्हे. पण उत्तर मिळाले नाही तर हसू नये, थोडा वेळ चित्रासमोर थांबावे, जसे गोधडीसमोर थांबतो. आपल्या बाजारपेठांत दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. फ्लेक्स आला आणि त्यांतल्या पुष्कळांचे हात रिकामे झाले. जे उरले आहेत त्यांच्याकडून कधी भिंत रंगवून घ्याल, तर भाव कामाआधी ठरवा, काम वाढवले तर पैसे वाढवा, आणि ठरल्या दिवशी द्या. चित्रकलेची याहून मोठी सेवा आपल्यासारख्या न कळणाऱ्या माणसांच्या हातून होण्यासारखी नाही, आणि हिला पैशांखेरीज कोणतेही ज्ञान लागत नाही.